न धुतलेल्या जर्सींचे श्रेयांसशेठ

जालन्यात काद्राबादकडे वळलं की डाव्या हाताला स्टीलच्या भांड्यांचं एक दुकान लागतं. बाहेर टांगलेल्या परातींवर ऊन पडलं की समोरच्या मेडिकलवाल्याला दुपारभर डोळे बारीक करून गोळ्या द्याव्या लागतात. हे दुकान सोहनलालजींनी उभं केलं आणि त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव श्रेयांसशेठ ते चालवतात. चालवतात असं आपलं म्हणायचं. खरं चालवतात त्यांच्या पत्नी, शिखावहिनी. श्रेयांसशेठ गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या ऐवजी गोष्ट सांगतात, आणि गिऱ्हाईक गोष्टीत गुंतलं की वहिनी त्याला पातेल्याबरोबर झाकणही देऊन टाकतात. दोघांचा संसार हा असा आहे आणि उत्तम चाललेला आहे.

मी त्यांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसतो. काम काही नसतं. तिथं बसलं की गाव आपोआप कळतं, एवढंच.

तर या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिथं बाकीचे भांडीवाले डिनर सेटचे खोके रचतात, तिथं शेठनी एक खोली केली आहे. खोलीत एका दांडीवर फुटबॉलच्या जर्सी टांगल्या आहेत. त्यातली एकही नवी नाही. सगळ्या घातलेल्या, चिखलाच्या, घामाच्या आणि न धुतलेल्या. फळीवर मोजे आहेत, नडगीला बांधायची पॅडं आहेत, कॅप्टनच्या दंडावरची पट्टी आहे आणि कॉर्नरच्या झेंड्याचा एक तुकडा डब्यात ठेवला आहे. डबा अर्थातच स्टीलचा, त्यामुळे झेंडा दिसत नाही. तो आत आहे असं शेठ सांगतात आणि आपण मान डोलवायची.

ही सगळी दौलत 'जालना आयर्न' या संघाची. आजच्या पोरांना नाव माहीत असायचं कारण नाही. कोरोनाच्या आधी आपल्याकडे 'गोदावरी फुटबॉल लीग' नावाचं एक प्रकरण निघालं होतं. जालना, परभणी, नांदेड, बीड, असे संघ. खेळाडूंना पगार, जर्सीवर नाव, मैदानाच्या कडेला स्पीकर. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी निम्म्यातच आयोजकांचे फोन बंद झाले आणि लीग जशी आली तशी गेली. फक्त स्पीकरवाला तेवढा पुढे बरेच दिवस लोकांना थांबवून थांबवून विचारायचा, 'ते लोक कुठं दिसले का?'

श्रेयांसशेठ यात आले ते कुकरमुळे. सामनावीराला बक्षीस काय द्यायचं, अशी चर्चा निघाली तेव्हा कोणीतरी त्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं. शेठनी कुकर दिला, आणि दिलाच आहे तर हातानं द्यावा म्हणून स्वतः मैदानात गेले. तोपर्यंत त्यांनी फुटबॉल बघितलेला नव्हता. पहिल्याच सामन्यात गोलच्या मागं खुर्ची टाकून बसले, आणि त्यानंतर एकही सामना चुकवला नाही. मंडपात सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नाला उशिरा पोचणारा हा माणूस मैदानात पाणी मारणाऱ्या माळ्याच्याही आधी हजर असायचा. पाच लिटरचा कुकर डोक्यावर धरून धावत फेरी मारणारा सेंटर फॉरवर्ड ज्यांनी पाहिला, त्यांना दुसऱ्या कुठल्या विश्वचषकाचं कौतुक राहिलं नाही.

लीग बुडाली तेव्हा सगळे हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. शेठ लागले नाहीत. त्यांच्या मनात आलं की जालना आयर्नचा शेवटचा सामना ज्या अकरा जणांनी खेळला, त्या अकराही जणांच्या त्या दिवशीच्या जर्सी एका दांडीवर असाव्यात. त्या दिवशी अंगातून काढल्या तशाच्या तशा.

"धुतली की संपली," ते मला समजावून सांगायचे. "काका, धुतल्यावर ती नुसती जर्सी. न धुतलेली म्हणजे सामना."

"आन् घरात वास येतो त्याचं काय?" वहिनी आतून विचारायच्या.

"तो वास न्हाई, शिखा. तो पुरावा आहे."

"मंग पुरावा जरा खिडकीपाशी टांगा."

गोळा करणं सोपं नव्हतं. खेळाडू जिल्हाभर पांगलेले. आणि पैसे देऊन मागायला गेलं की लोक बिचकायचे. अंगावरचा उतरलेला कपडा विकणं बरं दिसत नाही आपल्यात. पण तोच कपडा भांडेवालीला देऊन वाडगा घेतला तर त्यात कोणाला काही वाटत नाही. शेठना हे एकदा उमगलं आणि मग त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. स्कूटीला पुढं पिशवी, मागं पातेली, असे ते निघायचे. दारात उभं राहून म्हणायचे, 'ताई, जुनी जर्सी असंल तर बघा, हे तीन लिटरचं देतो.' काद्राबादेतला दुकानदार गावोगाव भांडेवाल्या बाईचा धंदा करून राह्यला, अशी बातमी माझ्यापर्यंत आली तेव्हा ती पुढे पोचवणं मला भागच होतं.

परतूरला दोन नंबरची जर्सी त्यांना एका चहावाल्याकडे सापडली. गॅसच्या टाकीला थंडी वाजू नये अशा बेतानं ती टाकीवर चढवलेली होती. चार नंबरची एका म्हशीच्या पाठीवर होती. म्हशीनं ती सुखासुखी सोडली नाही आणि शेठच्या उजव्या पोटरीवर त्याची खूण अजून आहे. बूट आणायचे तर निराळीच पंचाईत. शेठ जैन. चामड्याची वस्तू घरात चालत नाही. कुठलाही बूट आला की त्यांच्या मातोश्री, जमनाबाई, तो सांडशीत धरून उजेडात नेतात, उलटा करतात, सुलटा करतात.

"रेक्झीन आहे, मा."

"तू म्हणतो म्हणून असंल," असं म्हणून त्या तो सांडशीसकट जिन्याखाली ठेवतात. वर तो कधी जात नाही. सेंटर फॉरवर्डचा डावा बूट गेल्या दिवाळीपासून तिथंच आहे आणि आता त्यात मांजर झोपतं.

वडीगोद्रीला तर प्रकरण हातघाईवर आलं. सात नंबरचा आदिनाथ तिथं हायवेला हॉटेल चालवतो. तो बाहेर गेलेला, घरी त्याची आजी. शेठनी आपल्या गोड आवाजात विचारलं, "आजी, आदिनाथचे मोजे असतील का? घातलेले. न धुतलेले. घामाचे असले तर लय उत्तम." आजीनं एकवार त्यांच्याकडे बघितलं. माणसाच्या अंगचा घामाचा कपडा कोण मागतं आणि कशासाठी मागतं, हे आपल्या मराठवाड्यात आजीला सांगावं लागत नाही. तिनं आधी झाडू घेतला आणि मग आरडाओरड केली. संध्याकाळपर्यंत हायवेच्या दोन्ही बाजूंना बोभाटा झाला की जालन्याचा एक भांडीवाला खेळाडूंवर करणी करतो. आदिनाथनं आपल्या हातानं मोजे आणून दिले तेव्हा ते मिटलं. मिटलं म्हणजे वडीगोद्रीत मिटलं. बोलणं तोवर अंबड ओलांडून पुढे निघालं होतं.

असं करता करता दांडीवर दहा जर्सी झाल्या. एक हँगर रिकामं राहिलं. एक नंबरचं. गोलकीपरचं.

गोलकीपर होता सुमित. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. उंच, हडकुळा, बोलायला कमी. सध्या शाळेची व्हॅन चालवतो. जालना आयर्नचा शेवटचा सामना परभणीशी होता आणि बरोबरीत सुटला असता तरी आपण पुढच्या फेरीत गेलो असतो. सुटायलाच आला होता. तेवढ्यात परभणीच्या एका गड्यानं चेंडू मारला तो धड लागला नाही, आणि चेंडू रवंथ करत घराकडे येणाऱ्या गाईसारखा हळूहळू गोलकडे यायला लागला. सुमितनं मान वळवली. चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत गेला. दुसऱ्या दिवशी आयोजकांचे फोन बंद. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण लोकांनी तो जोडला. "सुम्यानं गोल खाल्ला आन् लीग बुडाली," असं त्याला चहाच्या टपरीवरही म्हणायचे आणि लग्नाच्या पंगतीतही. तो हसायचा नाही आणि उत्तरही द्यायचा नाही.

शेठ त्याला फोन करायचे, तो उचलायचा नाही. मग शेठनी कुठूनतरी त्याच्या आईचा नंबर मिळवला आणि 'गोलकीपर मम्मी' या नावानं ठेवला. आईचं नाव बेबीनंदा. तिनं एकदाच फोन घेतला आणि सांगितलं, "जर्सी हाय. पन ती मी मिरचीत घालते. लांब बाह्याची हाय, कोपराला गादी हाय. तिच्यावाणी दुसरी भेटत न्हाई." धावड्याकडची मिरची तुम्हाला माहीत असेल. साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालून बाया तोडणीला जातात, तरी हात भाजतात. गोलकीपरची जर्सी मिरचीसाठीच बेतलेली असावी अशी तिला लागू पडली होती.

"म्हणजे धुतलेली," वहिनी म्हणाल्या. "रोज धुतलेली. तुमच्या नियमात बसत न्हाई."

"गोलकीपरला नियम वेगळा असतो," शेठ म्हणाले. "त्याला हातसुद्धा लावायची परवानगी आहे."

मग एके दिवशी भरदुपारी सुमित स्वतःच दुकानात आला. व्हॅन बाहेर लावली, चहा नको म्हणाला आणि उभ्यानंच बोलायला लागला.

"शेठ, आमच्या घरी फोन नका करत जाऊ."

"अरे बाबा, मी चांगल्या भावनेनं..."

"भावना न्हाई म्हणत मी. तुम्ही गोलच्या मागं बसल्तात त्या दिवशी. तुम्ही ऐकलंय."

शेठ एकदम गप्प झाले. ते गप्प झालेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले, म्हणून मी बाकावरून उठून दाराशी आलो.

झालं असं होतं. त्या दिवशी बेबीनंदा मिरचीच्या टेम्पोत बसून पहिल्यांदाच लेकाचा खेळ बघायला आली होती. उशिरा पोचली. मैदानात मोजकी माणसं, स्पीकर बंद पडलेला, सगळीकडे शांतता. लेक एकटाच दोन खांबांमधे उभा, बाकीची सगळी पोरं तिकडं लांब. तिला वाटलं ह्याला कोणी खेळायला घेत नाही. तिनं हाक मारली, "सुम्या, ए सुम्या, डबा आणलाय रे." आणि सुमितनं मान वळवली.

"आईला ठावं न्हाई," सुमित म्हणाला. "तिला वाटतं मला ऊन लागलं. तुम्ही जर्सी टांगणार, आन् आल्यागेल्याला गोष्ट सांगणार. ती फिरत फिरत धावड्याला येणार. तिला कळलं तर ती जन्मभर ते घेऊन बसंल. त्यापरीस जर्सी मिरचीत फाटू द्या."

"मी कोणाला सांगणार न्हाई," शेठ म्हणाले.

सुमितनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलेली काळजी योग्य होती. पण मी सांगतो, आम्ही दोघंही गप्प राहिलो. मला त्रास झाला, पण शेठना फार झाला. पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहणारा हा माणूस; त्याला उपवास जड गेला नाही, ही एक गोष्ट पोटात ठेवणं जड गेलं. गिऱ्हाईक वर खोलीत आलं की दहा जर्सींची कथा धबधब्यासारखी सांगायचे आणि रिकाम्या हँगरपाशी आले की खोकायचे.

आणि घोटाळा केला तो त्याच पर्युषणानं. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, जैन मंडळी सगळ्यांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा, मिच्छामि दुक्कडम्, असं. पूर्वी घरोघर जाऊन मागायचे, आता मोबाईलवर. दुसरे लोक हात जोडल्याचं चित्र पाठवतात. श्रेयांसशेठना चित्रावर समाधान नाही. त्यांनी स्वतःच्या आवाजात, गळा भरून आणून, निरोप रेकॉर्ड केला आणि फोनमधल्या झाडून सगळ्या नंबरांना पाठवला. दूधवाला, गॅसवाला, बँकेची ती सारखी फोन करणारी मुलगी, आणि त्यातच 'गोलकीपर मम्मी'.

बेबीनंदानं तो निरोप मिरचीच्या वावरात, चार बायांच्या देखत, मोठ्या आवाजात लावून ऐकला. "माझ्याकडून आपल्याबाबत काही चूक घडली असेल, आपलं मन दुखावलं असेल, तर हात जोडून क्षमा मागतो." बाया तोडायच्या थांबल्या. एक म्हणाली, "हाच तो वडीगोद्रीचा करणीवाला न्हाई का?"

अर्ध्या तासात दुकानात फोन आला. शेठनी स्पीकरवर घेतला, कारण हातात कढई होती.

"शेठ, मी बेबीनंदा बोलते. काय केलं तुम्ही?"

"काही न्हाई केलं, बाई."

"मंग माफी कशाची?"

"आमच्यात मागतात तशी. मी सगळ्यांनाच मागतो."

"सगळ्यांचंच काही केलं का?"

"न्हाई हो. काही केलेलं नसलं तरी मागतात."

"न केल्याची माफी मागणारा मानूस मी अजून बघितला न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "तुमचा आवाज कापून राह्यला होता त्याच्यात. काहीतरी हाय. माझ्या लेकाचं काही हाय का?"

इथं एखाद्यानं सरळ 'नाही' म्हटलं असतं. शेठनी कढई खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाले, "तसं... बिलकुल... म्हणजे मी काय म्हणतो..." वहिनींनी कपाळावर हात मारला.

"रविवारी या," बेबीनंदा म्हणाली. "तोंडावर सांगा."

रविवारी आम्ही गेलो. मी गेलो कारण शेठना आधाराची गरज होती, असं मी वहिनींना सांगितलं. भोकरदन गेलं, पिंपळगाव गेलं, आणि धावडं येईपर्यंत शेठ गाडीत मला एकच विचारत होते, "काका, खोटं न बोलता खरं कसं लपवायचं?" मी म्हटलं, मला अनुभव नाही.

घर रस्त्याच्या कडेलाच. अंगणात बाजेवर सुमितचे वडील भिवा बसलेले. शेठ म्हणाले, "जय भीम, भिवाभाऊ." भिवा म्हणाले, "जय जिनेंद्र, शेठ. बसा. आम्ही ते करणी-बिरणी कधीच सोडलंय, तुम्ही निवांत बसा. पन शेजाऱ्यांनी सोडलेलं न्हाई. तुम्ही येणार म्हणून कळल्यापासून त्यांच्या दारावर लिंबं लटकून राह्यली."

खरंच लटकत होती. हिरवीगार.

मग बेबीनंदा बाहेर आली. रविवार असला तरी सकाळची तोडणी करून आलेली. साडीवरून ती पिवळी जर्सी. पाठीवरचा एकचा आकडा उन्हानं पांढरा पडलेला, पुढचं 'आयर्न' झिजून 'यर्न' राहिलेलं, एका कोपराला फुलाफुलाच्या कापडाचं ठिगळ. शेठ तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे जर्सीकडे. पण शेजारच्या बायांना हा फरक कळला असेल असं वाटत नाही.

"हं, बोला," ती म्हणाली.

"बाई, त्याचं असंय की आमच्या धर्मात क्षमेला फार..."

"धर्माचं फोनवर सांगितलं तुम्ही. पुढचं बोला."

शेठ लाल झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लिंबांकडे बघितलं. आणि नेमका त्याच वेळेला सुमित व्हॅन घेऊन आला. दारात शेठ, समोर आई, आई कमरेवर हात देऊन उभी. त्याला जे वाटायचं ते वाटलं. त्यानं व्हॅनचं दारसुद्धा लावलं नाही.

"सांगितलंच ना शेवटी," तो शेठना म्हणाला. "हात जोडून सांगितल्तं तुम्हाला, की आईच्या हाकेनं गोल झाला ते तिच्या कानावर जाऊ देऊ नका."

शेठ हळूच म्हणाले, "मी अजून काहीच सांगितलं नव्हतं रे."

सुमित तिथंच, पायरीवर बसला.

बेबीनंदानं बाहीनं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "माझ्या कोणत्या हाकेनं?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सुमितनं सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक. डब्याचं, मान वळल्याचं, चेंडूचं. आणि मग घाईघाईनं, की तुझी काही चूक न्हाई आई, तुला कुठं ठावं होतं.

"आन् ह्याच्यापायी तू इतकी वरसं तोंड पाडून राह्यला?" ती म्हणाली. "मला वाटलं ह्याला ऊन लागलं. मी कांद्याचा रस काढून काढून पाजला तुला."

"पाजला," भिवा म्हणाले. "मला पन पाजला."

"तू थांब जरा." तिनं शेठकडे तोंड केलं. "शेठ, तुम्ही मागंच बसल्ता ना? बॉल जोरात आल्ता का हळू?"

शेठ पेचात पडले. पण शेवटच्या सामन्याच्या बाबतीत ते खोटं बोलू शकत नाहीत. "हळू," ते म्हणाले. "फार हळू. मी तितक्यात पानाची पुडी सोडून पुन्हा बांधली असती."

"ऐकलं?" बेबीनंदा लेकाला म्हणाली. "एवढा हळू बॉल. आईला 'ओ' म्हणून मंग धरला असता तरी चाललं असतं. माझ्या हाकेवर कशाला ढकलतो?"

इतकी वर्षं सुमितनं आईला वाचवायला म्हणून जे उरात धरून ठेवलं होतं, ते तिनं एका वाक्यात त्याच्याच पदरात टाकलं. "मी कुठं ढकलून राह्यलो? मी तर लपवून राह्यलो होतो."

"लपवणं म्हणजे मनातल्या मनात ढकलणंच."

"आई, हाक आली की मान वळतेच. कोणाची बी वळंल."

"वळू दे ना. हाताला काय झाल्तं?"

वाद पेटला. भिवांनी दोन्ही बाजूंना मान हलवून पाहिली आणि म्हणाले, "भांडता कशाला, करून बघा. साक्षीदार आलाच हाय जालन्याहून."

ही सूचना सगळ्यांना पसंत पडली. व्हॅनमधे पोरांचा विसरलेला एक चेंडू होता. पाण्याची टाकी हा एक खांब, भिवांची मोटारसायकल हा दुसरा. सुमित मधे उभा राहिला. बेबीनंदा त्या दिवशीसारखी उजव्या हाताला, गोठ्यापाशी गेली, आणि तिथून तिनं अटी सांगितल्या.

"मी हाक मारीन. तू 'ओ' म्हणायचं. बॉल धरला, तर चूक हाकेची न्हाई, तुझी होती. मंग जर्सी माझ्यापाशी राहील आन् परत कोणी नाव काढायचं न्हाई. सुटला, तर चूक माझी. मंग शेठ जर्सी नेतील, आन् माझ्या हाकेची गोष्ट सांगून खुशाल टांगतील. आपल्याला काही लाज न्हाई. आईनं लेकाला जेवायला बोलावलं, ह्याच्यात कसली लाज?"

चेंडू टाकायचा शेठनी. भिवा म्हणाले, "त्या दिवशी जसा आल्ता तसाच पाहिजे हां."

मी शेठकडे बघत होतो. जरा जोर लावला असता, जरा तिरका टाकला असता, तर अकरावी जर्सी त्यांची होती, आणि हळू म्हणजे किती हळू हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी चपला काढल्या. देवळात काढतात तशा, बाजूला जोडून ठेवल्या. वाकले, चेंडू दोन्ही हातांनी जमिनीला टेकवला आणि सोडला. अगदी हळू. इतका हळू की वाटेत एक कोंबडी त्याला बघून बाजूला झाली, पुन्हा आली आणि पुन्हा बाजूला झाली.

सुमित वाकून तयार. हात पसरलेले, कान आईकडे.

बेबीनंदानं हाक मारली नाही.

चेंडू निम्म्यात आला. ती गप्पच. सुमितच्या कपाळावर आठी आली. चेंडू आणखी पुढे आला. ती तोंडावर पदर धरून उभी. आणि हाक का येत नाही म्हणून सुमितनं मान वळवून आईकडे बघितलं.

चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला आणि टाकीच्या मागं जाऊन थांबला.

सगळ्यात आधी हसले भिवा. मग शेजारच्या लिंबवाल्या घरातून कोणीतरी. सुमित मागं वळून चेंडूकडे, पुढं वळून आईकडे बघत राहिला.

"मी तर तोंड पन उघडलं न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

"त्याच्यासाठीच तर बघितलं मी," सुमित म्हणाला, आणि म्हणता म्हणता तो स्वतःच हसायला लागला. हा पोरगा हसताना कसा दिसतो ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आईवर गेला आहे.

"आता हा गोल कोणाच्या नावावर?" मी विचारलं.

"गोल तो गोल," भिवांनी निकाल दिला. "जर्सी शेठची."

बेबीनंदानं खळखळ केली नाही. शब्द म्हणजे शब्द. तिनं जर्सी अंगातून काढली, झटकली, घडी घालून शेठच्या हातात ठेवली. शेठनी ती डोळ्यांना लावली. देवाचा प्रसाद लावतात तशी. मिरचीच्या वावरातून आलेली जर्सी डोळ्यांना लावू नये हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढची काही मिनिटं ते टाकीपाशी तोंड धूत उभे होते आणि शेजारच्या बाया, मानूस किती हळवा हाय, असं आपसात म्हणत होत्या.

"गोष्ट सांगा तुम्ही आता," सुमित त्यांच्या हातावर पाणी ओतत म्हणाला. "पन दोन्ही गोल सांगा. एकच सांगाल तर मी येऊन घेऊन जाईन."

"दोन्ही सांगतो," शेठ डोळे मिटूनच म्हणाले.

"ते बराबर हाय," बेबीनंदा म्हणाली. "पन उद्या मी मिरचीत काय घालू?"

शेठच्या पिशवीत चांगलं जड बुडाचं पातेलं होतं. त्यांनी ते पुढे केलं. तिनं ते हातात घेतलं, वाजवून बघितलं आणि परत दिलं. पातेलं अंगात घालता येत नाही, असं ती म्हणाली नाही, नुसती त्यांच्या अंगाकडे बघत राहिली. शेठच्या अंगात पांढराशुभ्र, लांब बाह्यांचा, संवत्सरीला घेतलेला शर्ट होता.

परत येताना गाडीत मागच्या सीटवर जर्सी कागदात गुंडाळलेली होती आणि पुढे श्रेयांसशेठ बनियनवर गाडी चालवत होते. मी म्हटलं, थंड हवा आहे, ती जर्सी तरी घाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललोच नाही. भोकरदनच्या चौकात त्यांना ओळखणारे एक व्यापारी भेटले. त्यांनी खिडकीतून आत बघितलं, नमस्कार केला आणि काही विचारलं नाही. विचारण्यासाठी ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम जालन्याला आले, सरळ माझ्या बाकावर.

दुकानाशी गाडी थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जमनाबाई ओट्यावर बसून मूग निवडत होत्या. त्यांनी लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं. बनियन, लाल डोळे, काखेत कागदाचं गुंडाळं.

"शर्ट कुठं गेला रे?"

"धावड्याला ठेवला, मा. बदली खेळाडू म्हणून."

त्यांनी मुगातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"बरं," त्या म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत जेवून घे."